सुगुणक्काची भिंत

मैसूरला गोकुलममध्ये सुगुणक्काचं आणि आमचं घर एकाच कंपाउंडला लागून आहे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. सांबारात मीठ कमी पडलं तरी सगळ्या गल्लीला कळायचं, असा त्याचा आवाज. तो ओरडायला लागला की ही ओट्याशी उभी राहून एक लांब श्वास सोडायची. श्वास पुरा संपेपर्यंत उत्तर द्यायचं नाही, आणि संपला की द्यावंसं वाटत नाही, असं तिनेच मला सांगितलं होतं. माझ्या सासूबाईंच्या काळात मला त्याचा फार उपयोग झाला.

अग्रहारातल्या, म्हणजे जुन्या ब्राह्मणवस्तीतल्या, एका म्हाताऱ्या आचार्यांकडे परकर नेसायच्या वयात ती आसनं शिकली. तेव्हापासून पहाटे उठायचं, देवापाशी दिवा लावायचा आणि रिकाम्या पोटी पुढच्या हॉलमध्ये बसायचं, हे कधी चुकलं नाही. नवऱ्याच्या लांबलेल्या आजारपणात सगळे म्हणायचे, बाई खचत कशी नाही. खचायची. मी पाहिलंय. पण त्या तासाभरात ती स्वतःला पुन्हा गोळा करायची आणि मग दुधाचं पातेलं चढवायची.

नवरा गेला आणि पुढे तिलाच छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. त्या बाजूचा हात खांद्यातच अडकला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. हिने हॉलच्या रस्त्याकडच्या भिंतीला तोंड करून बोटं वर चालवायला सुरुवात केली. श्वास घेताना थोडी वर, सोडताना तिथेच थांबायचं. दुखलं की डोळ्यांतून पाणी यायचं, पण श्वास तुटायचा नाही. एके दिवशी तिने कंपाउंडवरून मला हाक मारली आणि पाठ फिरवून दाखवली. अंबाडा स्वतःच्या हाताने घातला होता. वाकडा होता. त्या आनंदात मी घरी सत्यनारायण घातला होता.

मग मुकुंदा परत आला. तिचा एकुलता एक मुलगा. बंगळूरची नोकरी सुटली, म्हणून बायकोला घेऊन आला होता. गोकुलममध्ये योग शिकायला परदेशी लोक येतात, ज्याच्याकडे हॉल आहे तो इथे उपाशी मरत नाही, हे त्याला माहीत होतं. लहानपणापासून आईचं पाहून शरीराला वळण होतंच, वर एक प्रमाणपत्र आणलं आणि परदेशी विद्यार्थ्यांचा क्लास सुरू केला. सुगुणक्काला वाईट वाटलं नाही, उलट मुलगा घरी आला म्हणून तिने चामुंडीदेवीला साडी नेली.

क्लास पहाटेचा. तिचा तास आणि त्याचा तास एकच. बाकी घर अरुंद, मधल्या खोलीत कपाटं, मागे शेवाळलेला धुण्याचा दगड. आणि क्लास सुटला की विद्यार्थ्यांना इडली-चटणी लागायची, ती कोण करणार? सून रात्रपाळीहून येऊन झोपलेली. तेव्हा ज्या वेळी सुगुणक्का भिंतीशी उभी असायची, त्या वेळी ती नारळ खवू लागली. दुपारी व्यायाम करीन म्हणायची, पण भरल्या पोटी जमायचं नाही आणि दुपारी दुसरी तुकडी यायची.

भिंतीवर तिचा जुना फोटो मात्र लागला, पद्मासनातला. नवीन विद्यार्थी आले की मुकुंदा हाक मारायचा आणि ती ओला हात पुसत बाहेर यायची. एकदा एका मुलीने विचारलं, तुमच्या शांतपणाचं रहस्य काय? मी भांडं परत द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

सुगुणक्का कन्नडमध्ये म्हणाली, “आपण शांत राहिलो की घरातल्यांची सोय होते. तिला विचार, तिला कोणाची सोय करायची आहे?”

मुकुंदाने इंग्रजीत सांगितलं की अम्मा म्हणते, शांती आपल्या आतच असते. मुलगी तिच्या पाया पडली.

हळूहळू हात पुन्हा आखडला. सुजलाही. अंबाडा घालता येईना. सुनेने त्यावर उपाय काढला, पार्लरमध्ये नेऊन केस मानेपर्यंत कापून आणले. तपासणीला मी बरोबर गेले तेव्हा डॉक्टर रागावले. इतका सुटलेला हात घालवलात कसा, असाच राहिला तर कायमचा राहील, म्हणाले. घरी येऊन तिने माझ्यासमोरच मुलाकडे हॉल मागितला. पहाटे एक तास, क्लास थोडा उशिरा भरव, इतकंच.

मुकुंदा वाईट मुलगा नाही. त्याने आईचा हात हातात घेतला. म्हणाला, “अम्मा, पहाटेचीच तर मागणी आहे. पण अमावास्या-पौर्णिमेला क्लास बंद असतो ना? ते दिवस हॉल तुझाच. आणि तू इतकं सोसलंस, तुला एवढ्याने काय होतंय?”

या दोन तिथींना आसनं करायची नाहीत, अंगाला अपाय होतो, ही आचार्यांची शिकवण. ती तिनेच मुलाला दिलेली. नवरा दवाखान्यात होता त्या पौर्णिमेलाही तिने ती मोडली नव्हती. मुकुंदाच्या हे ध्यानातसुद्धा आलं नाही. तिने लांब श्वास सोडला. मी वाट पाहिली, श्वास संपल्यावर तरी बोलेल. बोलली नाही.

पुढच्या अमावास्येला पहाटे मी फुलं तोडायला बाहेर आले तर हॉलमध्ये दिवा. ती भिंतीशी उभी होती, बोटं खांद्याच्या थोडी वर, ओठ दाबलेले. मी आत जाऊन कोपराला आधार दिला. तेवढ्यात मुकुंदा उठून आला.

“अम्मा, आज अमावास्या. हा नियम मी सगळ्यांना शिकवतो, क्लासच्या कोणी पाहिलं तर काय म्हणतील?”

“म्हणतील, म्हातारीला दुसरा दिवस मिळत नाही,” ती म्हणाली. “पाप लागलं तर मला लागेल. गुरूंना मी वर जाऊन सांगेन.”

मग त्याने रस्त्याकडच्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या आणि झोपायला गेला. बोटं कानाच्या पाळीपर्यंत पोचली, तिथून पुढे सरकेनात. “सोड,” ती मला म्हणाली, “इडल्या आज नाहीत, वेळ आहे.” आणि तिने हात पुन्हा खालून सुरू केला.