चंद्रव्वाच्या दुकानात फाटकं मिळत नाही

सोलापुरात शाळांची गॅदरिंगं आली की चंद्रव्वाच्या ड्रेपरीच्या दुकानात मावळे, कोळिणी, पऱ्या, पोपट, सगळे एकाच दोरीवर लोंबायला लागतात. मागाल ते भाड्यानं मिळतं. भिकाऱ्याचा ड्रेस तेवढा मिळत नाही. कुणी मागितलाच तर ती म्हणते, "फाटकं आपल्याकडं न्हाय. तुमच्या घरी आसंल तर बगा."

लहानपणी कुंभारी गावच्या शाळेत होती तेव्हा दर गॅदरिंगला तीच भिकारीण. पोरगी नाचायची झकास, गळाही गोड, पण बाई म्हणायच्या, "चंद्रव्वा, तू आहेस तशीच ये. तुला ड्रेपरी लागत नाही." लोक टाळ्या पिटायचे. दुसऱ्या दिवशी तोच झगा घालून ती वर्गात बसायची.

यंदा अजिनाथ सर आले. इतिहासाचे, तरणे, हौशी. 'रोमन प्रांतातलं एक घर' नावाचं नाटुकलं बसवत होते. पोरं मेणाच्या पाटीवर लिहितात, हाडांचे सागरगोटे खेळतात, आई लोकर कातते, असं सगळं त्यांनी रंगवून सांगितलं.

"म्हंजे आमच्यावानीच की," चंद्रव्वा म्हणाली.

मालकाला पांढरी चादर ठरली, मालकिणीला झालरीचा झगा, त्यांच्या पोरांना गळ्यात ताईत. नजर लागू नये म्हणून तिथंही घालायचे, सर म्हणाले.

"आन यादीतल्या ह्या खालच्या चौघांचं माप?"

"ते गुलाम. घरचंच जुनंपानं घालतील. त्यांना ड्रेपरी लागत नाही."

चंद्रव्वाचा टेप हातातच राहिला. "कोन कोन हाय त्यात?"

"ज्यांना भाडं परवडत नाही ती पोरं. तुमच्या गल्लीतली कौसर आहे की."

कौसर आरिफ रिक्षावाल्याची. सागरगोट्यांत अख्ख्या गल्लीला पाणी पाजणारी.

"तिला ताईत?"

"नाही. गुलामांच्या पोरांना नसायचा."

"म्हंजे ज्याला जपायला कोन न्हाय, त्यालाच ताईत न्हाय. बरं हाय की तुमच्या रोमचं."

सर हसले. ती हसली नाही. "चौघांचे कपडे मी शिवनार. भाडं नको. न्हायतर मालकाची चादर बी मिळनार न्हाय."

"अहो मावशी, गुलाम नीटनेटके दिसले तर मालक कोण ते कळणार कसं?"

"जो बसून वरडतोय तो मालक. लोकांला कळतंय."

"मग मी दुसरीकडून आणतो."

"आना की."

संध्याकाळी कौसरची आई अकबरी तिला घेऊन आली. "अव्वा, जाने देव ना. छोटा पार्ट है, पुराना फ्राक पेन लेगी."

"पोरीला इचारलंस?"

कौसर दाराची चौकट नखानं खरवडत होती. "पोरी म्हणतात, तुझा ड्रेस रोजच तयार असतो."

चंद्रव्वानं मशीनवरचं झाकण काढलं.

ऐन हंगामात बाकीच्या ड्रेपऱ्या रिकाम्या झालेल्या. रोमन ड्रेस तर कुणाकडंच नव्हता. दोन दिवसांनी सर परत आले, घाम पुसत.

"शिवा. पण ताईत नको. इतिहासाची चूक होईल."

"चूक माझ्या नावावर घाला."

गॅदरिंगला चौघं विटकरी रंगाच्या, काठ लावलेल्या कोऱ्या झग्यांत स्टेजवर आली. मालकाची चादर सारखी सुटायची, तो दोन्ही हातांनी धरून ओरडत होता, त्यामुळं मालक कोण ते शेवटच्या रांगेलाही कळलं. मग कौसर मालकाच्या पोरीसमोर सागरगोटे खेळायला बसली. नाटकात तिनं हरायचं होतं. कारण मालकाच्या पोरीपुढं गुलामाची पोर जिंकत नसते.

कौसरनं गळ्यातला ताईत मागं टाकला, गोटा उडवला आणि खालचे चारही उचलून वरचा अलगद झेलला.

"हर, कौसर, हर," विंगेतून सर कुजबुजले.

तिनं पुन्हा उडवला. पुन्हा झेलला. मालकाची पोरगी संवाद विसरली, म्हणाली, "मला शिकव की." लोक हसले, मग टाळ्या. मागं, तोंडात टाचण्या धरून उभी असलेली चंद्रव्वा टाळ्या वाजवायला विसरली.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः कपडे परत घेऊन आले. झगे सगळे होते. एक ताईत कमी होता.

"कौसर देत नाही म्हणते," सर ओशाळून म्हणाले.

"मग तुमी का मागितला?" चंद्रव्वा म्हणाली आणि झगे दोरीवर टाकायला लागली, सगळ्यात पुढं, रस्त्यावरनं दिसतील असे.