विजूमावशी आणि खडीवरची सायकल

विजूमावशी कुठलीही वस्तू आधी उलटी करायची. मिक्सर असो, कुकर असो, पाहुण्यांसाठी घ्यायची घडीची खुर्ची असो. दुकानदार वरचा चकचकीत भाग दाखवत असायचा आणि ही त्याच्या हातातून वस्तू काढून घेऊन तिचं बूड बघायची. "वरून सगळ्याच छान दिसतात. बनवणाऱ्याने लाज राखलीय की नाही ते खाली कळतं," असं वर त्यालाच ऐकवायची. लालबागच्या एका फर्निचरच्या दुकानात तिने अख्खा दिवाण आडवा करायला लावला होता. खाली प्लायच्या जागी पुठ्ठा निघाला, तेव्हा दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही आमच्या मागोमाग बाहेर पडली.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिला बरोबर नेल्याशिवाय कोणी मोठी खरेदी करत नसे. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती. आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची आणि अख्ख्या मजल्याची मावशी होती. एका कंपनीच्या स्विचबोर्डवर टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिची सगळी नोकरी झाली. त्यामुळे निवृत्तीनंतरही कोणाचं बोलणं पटलं नाही की "जरा होल्ड करा" म्हणायची आणि समोरच्याला तसंच ताटकळत ठेवून तांदूळ निवडायला बसायची. एरवी बोलणं ऑफिसातलं, स्वच्छ. पण राग आला किंवा आनंद झाला की गाडी थेट मालवणीवर. आणि खरेदीचा विषय निघाला की तिचा पहिला प्रश्न मालवणीतच असायचा: "ठेवतलंस खंय?" कुठे ठेवणार? आमच्या एवढ्याशा खोल्यांत या एका प्रश्नावर निम्म्या खरेद्या गारद व्हायच्या. आमच्या मजल्यावर व्यायामाचं एकच यंत्र आहे, त्याच्यावर आज टॉवेल वाळतात. ते मावशीला न विचारता घेतलेलं आहे.

मला घ्यायची होती ग्रॅव्हल बाइक. काळाचौकी ते फोर्ट, घर ते ऑफिस, रोज सायकलने जायचं हे माझं वेड जुनंच. पण आधीची पातळ टायरांची सायकल पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकायची आणि मला भर रस्त्यात लोटांगण घालायला लावायची. आई म्हणाली, "स्कूटरच्या किमतीत सायकल? विजूला विचार आधी." आईला खात्री होती की मावशी मला उभी जाळेल.

मावशीने माझी बाजू नीट ऐकून घेतली. मी सांगितलं की रेसची सायकल आपल्या खड्ड्यांत टिकत नाही, डोंगरातली जाडजूड सायकल डांबरावर दमवते, आणि ही त्या दोघींच्या मधली आहे.

"म्हणजे धड ना इकडची, ना तिकडची," मावशी म्हणाली.

"दोन्हीकडची, मावशी!"

"बरं. ठेवतलंस खंय?"

याची तयारी मी केली होती. दारामागच्या भिंतीवर वर एक हुक मारायचा आणि पुढचं चाक त्यात अडकवून सायकल उभी टांगायची. मावशी आमच्या खोलीत आली, दार लावून घेतलं, भिंत विती लावून मोजली, दार पुन्हा उघडून मिटून बघितलं. मग म्हणाली, "राहील. रविवारी जाऊ दुकानात." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुकान परळला होतं, मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. आतला गारवा, भिंतीवर चित्रांसारख्या टांगलेल्या सायकली, आणि त्यांच्या मधोमध इस्त्रीच्या साडीतली, हातात कापडी पिशवी घेतलेली विजूमावशी. विक्रेता पोरगा उत्साहाने माहिती देऊ लागला. मावशीने ती सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केली, तेव्हा तो चाटच पडला. "मॅडम, सायकलिंग करता का तुम्ही? आम्ही सर्व्हिसिंगला अशीच ठेवतो!"

"मी सगळंच असं ठेवते. हिला पेडल कुठेय?"

"पेडल वेगळी घ्यावी लागतात."

मावशीने मान वर केली. "काय?"

"या रेंजमध्ये पेडल येत नाहीत, मॅडम. प्रत्येकाची आवड वेगळी असते."

"स्टँड?"

"स्टँडपण नाही."

"घंटी? मडगार्ड? कॅरिअर?"

पोरगा नुसता मान हलवत राहिला. मावशीचा आवाज चढला. "अरे, तू पंखा विकताना पाती वेगळी विकतोस काय रे? मेल्या, गिऱ्हाईक पाय खंय ठेवतला?" आता ती मालवणीत घुसली होती, म्हणजे प्रकरण तापलं होतं. शेवटी मालक आतून बाहेर आला. मग पेडल, घंटी आणि मागचं मडगार्ड एवढं सगळं "तुमच्यासाठी" म्हणून फुकट निघालं. स्टँडवर मात्र तो अडून राहिला. बहुतेक त्याच्याकडे नसावाच.

मग मावशीने बोटाने टायर दाबला. "एवढा जाड का? आणि ही दाणेदार नक्षी?"

"ग्रॅव्हल म्हणजे खडी, मॅडम. कच्च्या रस्त्यावर, खडीवर घसरत नाही. ही त्यासाठीच बनलीय."

"खडीवर चालते?"

"मस्त चालते!"

मावशीने मागचं चाक फिरवलं. ते टिकटिक टिकटिक करत किती तरी वेळ फिरत राहिलं, आणि ती ते थांबेपर्यंत बघत राहिली. मग सायकल सुलटी करायला लावली आणि म्हणाली, "मला बसव." एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने तो पोरगा. साडी सावरून ती वर चढली, मेंढ्याच्या शिंगांसारखं ते वाकडं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. लहान मुलाच्या हातात भोंगा द्यावा तसा. "घे," ती म्हणाली. मी तिथल्या तिथे उडी मारली.

घरी येताना मी नवी सायकल हाताने ढकलत होते आणि मावशी बाजूने टायरांकडे बघत चालत होती. भारंभार बोलणारी मी एकटीच. वाटेत ती एकदम थांबली. "मने, मला शिकवशील?"

तेव्हा मला सगळं कळलं. तिचा मुलगा संजय नाशिकला, गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधून राहिला होता. दिवाळीनंतर मावशीने कायमचं तिकडे राहायला जायचं असं ठरलं होतं. आम्हाला हे माहीत होतं, पण तिला काय वाटतं ते कोणी विचारलं नव्हतं. "संजय गुणाचा आहे गो," ती म्हणाली. "माझी खोली तयार आहे. कॉट, टीव्ही, बाजूला बाथरूम. फक्त मला नेऊन ठेवायची. मी काय कपाट आहे? इथे मी खाली उतरले की बाजार, दवाखाना, देऊळ, सगळं पायाखाली. तिथे बाजार लांब, आणि घरापासून हमरस्त्यापर्यंत नुसती खडी. रिक्षावाला आत येत नाही. भाजी आणायची तर संजयने न्यायचं, नाहीतर सुनेने. मला कोणी न्यायला नको. मी जाणार."

सायकल तिला लहानपणी कोणी शिकवली नव्हती. भाऊ भाड्याची सायकल आणायचे, ही गॅलरीतून बघायची. आता तिने साठी ओलांडली होती. मी म्हटलं, "मावशी, शिकायला ही सायकल बरोबर नाही. मी साधी लेडीज सायकल आणते कोणाची तरी." त्यावर ती म्हणाली, "ती खडीवर चालते?" मी नाही म्हटलं. "मग कशाला वेळ घालवतेस?"

मग सुरू झाल्या आमच्या रविवारच्या सकाळी. रे रोडला लाकडाच्या वखारी रविवारी बंद असतात, ट्रक कडेला झोपलेले असतात, आणि हवेत ओल्या लाकडाचा छान वास असतो. पहिल्या दिवशी मावशी आली ती संजयची जुनी ट्रॅक पँट आणि मंडळाचा टीशर्ट घालून. पाठीवर मोठ्या अक्षरांत "कार्यकर्ता". चाळीच्या जिन्यातच हसण्याची लाट उसळली. मावशीने जिन्यात थांबून सगळ्यांकडे एकदा बघितलं. "होल्ड करा. दिवाळीनंतर हसा."

मी सीट अगदी खाली केली होती. मागून सीट धरून मी पळायचे आणि मावशी पुढे ओरडायची, "धरलंयस ना? सोडू नको हां! सोडलंस तर बघ!" रस्ता म्हणाल तर कुठे दगडी फरशी, कुठे खोदलेलं, कुठे जुने रूळ. माझी जुनी सायकल इथे रडली असती. ही मात्र जाड टायरांवर ते सगळं खात पुढे जायची, आणि मावशी तिच्यावर दोन्ही कोपरं फाकवून, दात आवळून बसलेली. वखारीचा वॉचमन स्टुलावर बसून "अम्मा, सामने देखो! नीचे मत देखो!" असं न मागता शिकवायचा. मावशी त्यालाही होल्डवर ठेवायची.

हळूहळू तिचं ओरडणं उलटं झालं. "सोड गो! किती धरशील? सोड!" आता सोडवत नव्हतं ते मलाच. ती पडली, हाड मोडलं, तर संजयला मी काय तोंड दाखवणार? सोडते सोडते म्हणायचे आणि दोन बोटं सीटला लावूनच ठेवायचे. तिला ते कळायचं. "तुझा हात मला कळतो," असं म्हणून ती रागाने उतरायची.

एका रविवारी रस्त्याच्या कामासाठी कोणी तरी अख्ख्या रुंदीभर खडी टाकून ठेवली होती. मी म्हटलं, आज नको, मागे फिरू. मावशी खडीकडे बघून खूश झाली. "हीच! संजयच्या दारात अशीच आहे!" आणि मारलं पेडल. मी धावले तिच्यामागे. खडीवर माझी चप्पल सरकली, हात सुटला आणि मी ढोपरावर आपटले. सायकल मात्र सरकली नाही. मान वर केली तर "कार्यकर्ता" अशी अक्षरं डुगडुगत माझ्यापासून लांब लांब चालली होती. चाकांखाली खडी करकरत होती आणि मावशी सरळ, अगदी सरळ निघाली होती!

"मावशी! तू एकटी चालवतेयस!" मी खडीत बसूनच किंचाळले.

"अम्मा, ब्रेक! ब्रेक मारो!" वॉचमन स्टूल पाडून उठला.

ब्रेक तिला आठवलाच नाही. खडी संपली, रस्ता वळला, मावशी वळली नाही, आणि ती तशीच वखारीच्या दारातल्या भुशाच्या ढिगात घुसून थांबली. आम्ही धावत पोचलो तेव्हा केसांत, कानांत, चष्म्यावर भुसा, आणि ही हसतेय! "पाह्यलंस? पाह्यलंस काय गो? मी इलंय खडीवरसून!" मी तिला घट्ट मिठी मारली. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता.

मग तिने स्वतःसाठी तशीच एक, थोड्या लहान मापाची, त्याच दुकानातून घेतली. यावेळी त्या पोराने पेडल आधीच बसवून ठेवली होती. फोनवर संजय काकुळतीला आला होता. "आई, या वयात? आणि ती पण एवढी महाग? तुला कुठे जायचं असेल तिथे मी सोडीन ना!" मावशी म्हणाली, "जरा होल्ड कर हां बाळा," आणि फोन ओट्यावर ठेवून टायरात हवा भरायला गेली.

दिवाळी झाली आणि ती नाशिकला गेली. खोलीतलं सामान तिने मजल्यावर वाटून टाकलं. टेम्पोत दोन ट्रंका, देव, आणि मधोमध चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेली सायकल. टेम्पो वळेपर्यंत मी हात हलवत होते. मग वर येऊन तिच्या बंद दाराकडे बघितलं आणि रडू आवरेना. खरं सांगायचं तर मला तिची काळजी वाटत होती. इथे तिच्याबरोबर कायम मी होते. खडीवरून ती गेली, तरी मागे पळणारी मी होतेच. तिथे एकटी ती सायकल बाहेर काढेल का, की तीही कोपऱ्यात उभी राहील, याची मला धाकधूक होती. सुरुवातीच्या फोनांवर ती सायकलचं नावच काढायची नाही. संजय चांगला, सून चांगली, थंडी फार, एवढंच. मीही विचारायला धजावले नाही.

ऑफिसात हल्ली बरेच जण मला विचारतात, ग्रॅव्हल बाइक घ्यावी का? मी खरं तेच सांगते. जिन्यावरून खांद्यावर वाहून न्यावी लागते, स्टँड नाही, प्रत्येक सिग्नलला कोणी तरी किंमत विचारतं. तरी मी माझी विकणार नाही. आणि तुमच्या वाटेवर खडी असेल तर बेधडक विकत घ्या.

एका रविवारी दुपारी मी बाहेर निघत होते, सायकल हुकावरून काढतच होते, तेवढ्यात मावशीचा फोन आला. आवाज असा, जणू घरात पेढे वाटायला काढलेत. "मने! आज पडलंय गो!"

मी सायकल पुन्हा हुकाला अडकवली. "कुठे? कशी? लागलं का?"

"लागलं ना! ढोपर चांगलं फुटलंय. बाजारातून मेथी घेऊन येताना वळणावर ब्रेक जोरात दाबला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. धरायला कोणी नाही, उचलायला कोणी नाही. माझी मीच उठले, ट्रॅक पँट झटकली, सायकल उचलली आणि बसून घरी आले. आता संजयला काही बोलू नकोस हां. त्याला मी फक्त मेथीची भाजी वाढलीय."