यंदाची बाहुली

पुस्तक लिहायचं म्हणून मी कॉलेजातून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि गावभर बोभाटा केला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! टेबल नवं, दिवा नवा, खुर्ची पाठीला आधार देणारी. विषय आमच्याच माणसांचा होता. कधीकाळी फौजेबरोबर म्हैसूरला आलेली आणि मग इथलीच झालेली मराठी घरं.

दहा महिन्यांनी माझ्याकडे एकच प्रकरण होतं, पहिलं. तेच अकरा वेळा लिहिलेलं. आदल्या दिवशी लिहिलेलं सकाळी वाचलं की मला त्याची शिसारी येई, आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करी. आधी खुर्चीला नावं ठेवली, मग आमच्या कुवेंपुनगरच्या रस्त्यावरच्या रिक्षांना, मग नवऱ्याला. अंगण वाकडंच होतं ना! नवरात्राच्या तोंडावर मी हात टेकले आणि प्राचार्यांना पत्र लिहिलं, की रजा संपवून आताच रुजू होते. ते पत्र पर्समध्ये ठेवलं. पुस्तक संपलं, म्हणजे माझ्यापुरतं कायमचं संपलं, हे मला कळत होतं.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला. "गोंबे बसवायचेत ग. यंदा हात भारी कापतात. येतीस काय?"

गोंबे म्हणजे बाहुल्या. दसऱ्यात घरात पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवायची ही इथली रीत आमच्या घरांनी पिढ्यांपूर्वीच आपली केली. आत्या देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत एकटी राही. खालून येणाऱ्या ब्लाउजांना हुक लावणं आणि काजं करणं यात तिचा जन्म गेला होता. आता तेच हात थरथरत होते. पत्र उद्या टाकू म्हटलं आणि गेले.

ती स्टुलावर बसली, मी ट्रंक उघडली. जुन्या धोतराच्या फडक्यांतून मी एकेक बाहुली सोडवत होते आणि ती कुठल्या वर्षाची ते आत्या सांगत होती. लहानपणापासून त्या पाच पायऱ्या मी भरलेल्याच पाहिल्या होत्या. कुणीतरी एकदाच सगळं आणून मांडलं असावं, असं मी धरून चालले होते. चाळीसच्या वर बाहुल्या, आणि प्रत्येक वेगळ्या वर्षी आलेली!

"पहिल्या वर्षी किती होत्या ग?"

"दोनच. लग्नातले लाकडाचे राजा-राणी. ट्रंक उपडी घातली, वर लुगडं घातलं, बसवले. अष्टे, एवढंच."

"आणि लोकांना दाखवलंस?"

"पोरी दारात येऊन विचारल्या की, 'गोंबे कूर्सिद्दीरा?' बसवलेत काय म्हणून. मी म्हटलं, हौदु, या."

मी असते तर सांगितलं असतं, दहा वर्षांनी या.

मग एक मातीचा शिपाई निघाला. नाक नाही, एक हात आखूड, मिशा गालावर घसरलेल्या. मी तो हळूच ट्रंकेत परत ठेवू लागले.

"त्याला कुठं नेतीस?"

"आत्या, बरा दिसत नाही हा."

"बरा नाहीच. माझ्या हातचा आहे." ती हसायला लागली. "तुझे वडील सरगूरला मास्तर होते बघ, तिथली तांबडी माती. त्या वर्षी विकतची जमली नाही. वर्षाला एक म्हणजे एक. बरी-वाईट नंतर बघायची. ठेव तिथं, पुढं ठेव."

ट्रंकेच्या तळाशी एक छोटा कृष्ण होता. त्याचा निळा रंग अजून कोरा होता.

"हा?"

आत्यानं तो माझ्या हातून घेतला. "तुझे मामा गेले ते वर्ष." मामा म्हणजे तिचे यजमान. "त्या वर्षी बसवायचे नसतात. बसवले नाहीत. पण आणला."

"कुणी बघणार नव्हतं तरी?"

"बघायला कोण नाही म्हणून वर्ष थांबतंय काय?"

मी जमिनीवरच बसले. माझ्यासमोर ही बाई सगळा जन्म एकेक करून मांडून बसली होती, आणि तिला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटतही नव्हतं. मला मोठमोठी मंदिरं पाहून इतकं थक्क झाल्याचं आठवत नाही.

"यंदाची नवी कुठली?" मी विचारलं.

"बाजारात कुठं जाऊ आता? तुझे कागद आण."

"ते तयार नाहीत, आत्या."

"विचारलं काय मी?"

सप्तमीला सरस्वतीपूजन. पुस्तकं पूजेला ठेवली की विजयादशमीपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही. माझं अकराव्यांदा लिहिलेलं प्रकरण आत्यानं लाल खणात गुंडाळलं आणि खालच्या पायरीवर, त्या बिननाकाच्या शिपायाशेजारी ठेवलं. बसथांब्यापर्यंत पोचते तोच तिसऱ्या परिच्छेदातला एक चुकीचा शब्द आठवला. हात शिवशिवले. पण पूजेतलं काढायचं कसं? तीन दिवस मी जळफळत काढले. दहा महिन्यांत पहिल्यांदाच मी त्याला हात लावला नव्हता.

अष्टमीला शेजारच्या मुली बाहुल्या पाहायला आल्या. नवं काय, असं त्यांनी विचारलं, तर आत्यानं लाल खणाकडे बोट केलं. एकीनं विचारलं, "पुस्तका? मुगीता?" संपलं का?

मला तोंड लपवावंसं वाटलं.

"इल्ल पुट्टी," आत्या म्हणाली, "इदु ई वर्षद्दु." नाही बाळ, हे या वर्षीचं.

विजयादशमीला तिनं खण माझ्या हातात दिला. मी तो उघडला नाही. तिथेच पायऱ्यांसमोर मांडी घालून कोऱ्या कागदावर दुसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ लिहिली. ओळ वाईट होती. तिच्याखाली दुसरी लिहिली. प्राचार्यांना लिहिलेलं पत्र पर्समध्येच चुरगळून गेलं.

रजा संपल्यावर मी कॉलेजात परत गेले. दर नवरात्रात एक प्रकरण खालच्या पायरीवर जात राहिलं, जसं असेल तसं. आत्यानं सहा पाहिली. वाचलं एकही नाही. नुसता वजनाचा अंदाज घेई आणि म्हणे, "आयतू, झालं. ठेव."

सातव्या वर्षी श्रावणात ती गेली. आमच्याकडे बाहुल्या बसल्या नाहीत. सप्तमीला मी तिची ट्रंक उघडली, सातवं प्रकरण लाल खणात गुंडाळलं आणि कृष्णाशेजारी ठेवून दिलं.