अक्कांना जाळापाशी बसवलं तेव्हा

"ताई, ही मुलगी स्वतः जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. जळगावला तपासायला पाठवू या," सुपरवायझर मॅडम म्हणाल्या.

चार वर्षांची परी आ वासून बसली होती. तिची आजी, म्हणजे आमच्या अक्का, तिला खिचडी भरवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मनी नात येडी शे का?"

"नाही हो अक्का, तुमची नात वेडी कशी असेल?" मी म्हटलं.

मी धरणगावला अंगणवाडी चालवते. निरीक्षण हे आमचं रोजचं काम. मुलाला काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. स्वतः जेवतं का, हात धुतं का, दुसऱ्याला सोबत घेतं का. पण परीला बघणार कसं? मध्ये कायम अक्का. कुणी तिला नाव विचारलं तरी उत्तर अक्काच देणार. आई कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला, त्यामुळे लाड करायला आजीच.

"मॅडम, उद्या एकदा या, मग ठरवा."

"उद्या काय आहे?"

"भरीत."

अक्कांसारखं भरीत अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नाही. सकाळीच त्यांना मस्का लावला. अक्का खूश. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून बसल्या. वांगी भाजणारी बाई जाळापासून हलत नाही. मला तेच हवं होतं.

पहिलं भरीत झालं, आत ताटं वाढली. परीने तोंड उघडलं. घास येईना. मॅडम तिला भरवायला पुढे झाल्या, मी त्यांचा हात धरला. "बघू तर द्या."

तेवढ्यात शेजारी बसलेली नवी पिंकी आईसाठी रडायला लागली. परीने तिच्याकडे पाहिलं. पुरी तोडली, भरीत लावलं आणि तिच्या तोंडाशी नेलं.

"खाय ना सोनी, एकच घास."

शब्द अक्कांचे, लाडीगोडीही अक्कांचीच. पिंकीने खाल्लं. मग परीने दुसरा घास केला आणि स्वतः खाल्ला.

"अहो, ही तर बोलते!" मॅडम म्हणाल्या.

अक्का धावत दारात आल्या. मी म्हटलं, "अक्का, तुमच्याकडूनच शिकली."

"मंग! नात कोनी शे? मनी!" अक्का साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मागे उरलेली वांगी पार करपली.

जळगावची फेरी टळली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी सवयीने घास उचलला, तर परीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. अक्का क्षणभर रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या, मग हसल्या. मला परीचा अभिमान वाटलाच, पण अक्कांचा जरा जास्त वाटला.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. मूल किती स्वावलंबी आहे हे बघायचं असेल, तर आधी आजीला कामाला लावावं.