शिक्का लावलेले मशीन

शकील धुळ्यातल्या देवपूरचा. छत्तीस वर्षे सायकलने पांझरेचा पूल ओलांडून तो औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात येत होता. त्यातली एकवीस वर्षे त्याने एकच वस्तू केली, बोटाच्या पेराएवढी पोलादी पिन. ती लष्कराच्या कुठल्या शस्त्रात बसते ते त्याला कुणी सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. केसाचे वीस भाग केले तर त्यातल्या एकाएवढीच चूक चालायची. ग्राइंडिंग मशीनवर शेवटचा हात फिरवताना तो डोळे मिटायचा. घासण्याचा आवाज विरत विरत थांबला, की चाक मागे. त्याची एकही पिन कधी परत आली नाही.

मग परदेशातून पिना स्वस्त येऊ लागल्या आणि मागणी थांबली. उद्या बाहेरून येणे बंद पडले तर काय, ही काळजी सरकारला पडली. देशातली क्षमता जपायची म्हणून योजना निघाली. मशीन राखीव ठेवायचे, त्यावर दुसरे काम करायचे नाही, त्याचा मोबदला कारखान्याला मिळणार. सरकारची माणसे आली, चालू करायच्या बटणावर कागदी पट्टी चिकटवून शिक्का मारून गेली. देखभालीच्या कागदावर शकीलची सही घेतली.

शकील मशीन रोज पुसायचा, तेल द्यायचा, वर कापड टाकायचा. शेजारच्या लेथवरचा भटू म्हणायचा, "चाचा, हाई मशीन शे का दर्गा? रोज चादर चढावतस."

"मंग उद्या येताना फुले लई ये," शकील म्हणे.

मालक ललितने दोनदा सुचवले, शिक्का अलगद निघतो, पंपांचे दोन-चार दांडे घासून घे, हात चालता राहील. शकीलने ऐकले नाही. सही केली होती. तीन वर्षे तो लेथवर केळीच्या बागांतल्या पंपांची बुशिंगे करत राहिला. तिथे केसभर इकडेतिकडे चालते. हाताला ढिलाई लागतेय, हे त्याने घरी बायकोला, रहिमाबीला सांगितले. ती म्हणाली, मग ऐका ना मालकाचे. ते त्याला जमले नाही.

या मार्चमध्ये पिना पुन्हा इथे होतात का ते बघायला पुण्याहून योजनेचा अधिकारी आला. बारा पिना करून दाखवायच्या, बाराही मापात हव्यात, तरच काम पुन्हा धुळ्यात. शिक्का निघाला. शकीलने चाकाला हिऱ्याने धार दिली, घाई केली नाही. पहिल्या पाच मापात बसल्या. सहावीला आवाज थांबला की नाही, तेच त्याला कळेना. त्याने डोळे उघडले, तेवढ्यात चाकाने जास्त खाल्ले. जास्त राहिलेले काढता येते, गेलेले लावता येत नाही. पुढच्या सहांतल्या तीन तशाच गेल्या.

अधिकारी माणूस बरा होता. त्याने मापे पुन्हा घेऊ दिली. आकडे तेच आले.

"शकीलभाई, तुम्ही तर रोज..." ललित बोलायला लागला.

"रोज कुठे, शेठ?" शकील म्हणाला. "तीन वर्षं नुसतं पुसलं."

पिना बाहेरूनच येत राहणार होत्या. योजनेच्या अहवालातले रकाने मात्र सगळे मशीनचे होते. मशीन उत्तम स्थितीत, गंज नाही, राखीव मुदत आणखी पाच वर्षे. शकील अठ्ठावन्नचा होता. खाली कारागिराची सही लागत होती. त्याने कागद सावकाश वाचला. लिहिले होते ते सगळे खरे होते. त्याने हात पुसले आणि सही केली.