कोळशाची रेघ

लातूर जिल्हा नवा झाला आणि आमच्या मालकांना तिथल्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. मी गावीच होते, शिरूर अनंतपाळच्या बाजूला. आषाढ कोरडा चालला होता. आडाच्या कठड्यावरून पडले आणि उजवा हात खांद्याजवळ मोडला.

हाड बसवणाऱ्यानं कामट्या लावून हात छातीशी आवळला. महिन्यानं सोडा म्हणाला. महिना भरला तर आत्याबाई, म्हणजे माझी सासू, म्हणाल्या, "पोळा होऊ दे." पोळा झाला, महालक्ष्म्या आल्या. मग पितरपाट, त्यात काही सोडू नये म्हणे. घट उठल्यावर सोडला, तोवर खांदा धरला होता. वेणीसुद्धा घालता येईना.

दसऱ्याला मालक आले. "खोली माडीवर हाय, पाणी खालून न्यावं लागतं. हात उचलाय लागला की नेतो," म्हणाले. मला त्या घरातून निघायचं होतं. एवढंच कारण पुरे होतं.

शिरूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी व्यायाम दाखवला. भिंतीसमोर उभं राहून बोटं वर चालवायची. तुळईवरून दोरी टाकून चांगल्या हातानं दुखऱ्याला ओढायचं. मग दोन्ही तळवे भिंतीला टेकून कोपरं वाकवायची आणि अंग मागं रेटायचं. हात उठू लागला की वजन. आमच्याकडं वजन म्हणजे वरवंटा.

धान्याची खोली त्या वर्षी रिकामीच होती. दार लोटून तिथं व्यायाम करायचे. बोटं जिथवर पोचली तिथं कोळशानं रेघ ओढायची, म्हणजे उद्या तिच्या वर जायचं. कळ यायची ती दातात धरायची. धाकटी जाऊ बाहेरून म्हणायची, "आक्का, भिंत पाडताव का काय?"

संक्रांतीपर्यंत वरवंटा डोक्यावर जाऊ लागला. आडाचं पाणी तळाला गेलं होतं, दोराला दोर जोडला होता. धाकटीचे तळहात सोलले. एक दिवस मी तिच्या हातातून दोर घेतला आणि भरली बादली वर आणली.

आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. "लई बेस. हात आला की गं!"

"आता लातूरला जाते, आत्याबाई."

"आन हितलं पानी कोन वढंल? ही काडी?" त्यांनी धाकटीकडं हात केला.

धाकटी हसली. मला हसू आलं नाही.

मालक आले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना आडावर नेऊन मला पाणी ओढायला लावलं. त्यांनी बघितलं. "पाऊस पडंस्तोर ऱ्हा मग," म्हणाले. मी खानावळीत जेवतो, माझी काळजी करू नको, असंही म्हणाले. मी त्यांची काळजी करत नव्हते.

ते गेले त्या संध्याकाळी मी हात लोंबता सोडून बसले. "आत्याबाई, परत धरला. वर जात न्हाई."

त्या उठल्या. कंदील उचलून धान्याच्या खोलीत गेल्या आणि तिथून मला हाक मारली. भिंतीवर माझ्या रेघा होत्या, एकीवर एक, शेवटची त्याच सकाळची, माझ्या डोक्याच्याही वर. आत्याबाईंचा हात तिथवर पोचत नव्हता. त्यांनी कंदील तिच्या रोखानं उंच धरला.

"ही कुनी वढली?"

सकाळी घागर घेऊन मी आडावर गेले.