कुंकू लावलेली मोटार

चोरीस गेलेली मोटार स्वतःहून पोलिसांच्या दारात येऊन उभी राहिली, असा प्रकार माझ्या उभ्या नोकरीत एकदाच घडला. त्याला बरीच वर्षे झाली, तरी तो दिवस जसाच्या तसा आठवतो. या प्रकरणात मी कुणाला बेडी घातली नाही. तरीही माझ्या हातून झालेल्या ज्या कामांचा मला अभिमान वाटतो, त्यांत मी याला पहिले स्थान देतो. त्यातली माणसे पुढे सुखाने नांदली, म्हणून कुणाचे नाव देत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा काळ. मी लोणावळ्याला फौजदार होतो. खंडाळ्याचे बंगले उन्हाळ्यात गजबजायचे. पावसाळा लागला की शेठलोक मुंबईला जात आणि मागे राखणदार तेवढे उरत. मग आमचे मुख्य काम म्हणजे ओले कोट वाळवणे आणि घाटात अडकलेल्या गाडीवानांची भांडणे मिटवणे. त्या वर्षी अधिक महिना, म्हणजे आमच्या मावळात ज्याला धोंड्याचा महिना म्हणतात तो, ऐन पावसाळ्यात आला होता. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि तो मागेल ते वाण देतात. जावईही ताटावर बसून थोडे रुसून घेतात.

एके दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच एका शेठचे मुनीम तणतणत ठाण्यात आले. शेठ संध्याकाळी यायचे होते, म्हणून बंगला झाडून घ्यायला मुनीम आगाऊ कल्पना न देता पहिल्या गाडीने आले होते. पाहतात तो मोटारखाना उघडा आणि आत मोटार नाही. राखणदाराचाही पत्ता नाही. त्याची बायको म्हणाली, चोरांनी नेली.

"राखणदारच सामील आहे. शेठ यायच्या आत त्याला कोठडीत घाला," मुनीम म्हणाले.

कुणाला कधी कोठडीत घालायचे, हे मुनीमांनी मला शिकवावे, याचा मला रागच आला. पण फिर्याद लिहून घेतली आणि दोन पंच घेऊन बंगल्यावर गेलो. मोटारखान्याचे कुलूप फोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. राखणदार तिकोणा पेठेकडचा, साठीला टेकलेला माणूस. सगळे त्याला आबा म्हणत. बंगल्यातले पेरूसुद्धा विचारल्याशिवाय तोडत नसे. नोकराने मालकाचा माल चोरला तर कायदा जास्तच कडक होतो. आरोप टिकला असता तर म्हातारपणी तुरुंग, आणि बंगल्यामागची राहती खोलीही गेली असती.

मी त्याच्या बायकोला विचारले, "मावशी, कुलूप कुणी उघडलं?"

"चोरानंच की."

"किल्लीनं?"

"आता चोराचं काय सांगावं, सायेब? त्येच्याकडं आसत्याल किल्ल्या."

खोटे बोलण्याची सवय नसलेला माणूस फार भराभर उत्तरे देतो. बाई खोटे बोलत होती, हे उघड होते. पण कशासाठी, ते कळेना. दटावून विचारले असते तर ती रडली असती आणि मला रडणे लिहून घ्यावे लागले असते. मी तिला तिथेच सोडले.

खबर मिळाली ती बाजारात. एक टांगेवाला चाचा माझा जुना खबऱ्या होता. मला पाहून तो म्हणाला, "फौजदारसाहेब, आज मोटारींची पूजा आहे का? एक गाडी गेली वडगावच्या बाजूला. झेंडूचा हार, पुढं कुंकवाचं स्वस्तिक. अन् चालवणारा इतका जपून चालला होता, की माझ्या घोड्यानं त्याला मागं टाकलं."

मी तिथेच थांबलो. चोरीच्या मालाला कुणी हळदीकुंकू वाहत नाही, आणि टांग्याच्या मागे राहून कुणी चोर पळत नाही. मग हार घालून, जीव मुठीत धरून मोटार चालवणारा माणूस आज वडगावला कशाला जाईल? आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी वडगावच्या कचेरीत मोटार चालवण्याची परीक्षा होती.

त्या काळी मोटारीचे परवाने पोलीस खातेच देई. पुण्याहून आमच्या खात्याचे साहेब अधूनमधून येऊन परीक्षा घेत. परीक्षेला मोटार ज्याची त्याने आणायची. साहेबांची एक खोड होती. चढावर मोटार थांबवायला लावत, मागच्या चाकाला लागून आगपेटी ठेवत आणि मग म्हणत, चल पुढे. मोटार जरा मागे सरकली तर पेटीचा चुरा आणि उमेदवार घरी.

मी पुण्याकडे जाणारी गाडी पकडून वडगावला उतरलो. कचेरीसमोर शेठची मोटार हार घालून उभी होती. चालकाच्या जागेवर कोरा फेटा बांधलेला एक तरुण, शेजारी शिकाऊ माणसासोबत लागतो तो परवानेवाला ड्रायव्हर, आणि झाडाखाली हात जोडून उभे राहिलेले आमचे आबा. मला पाहताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात साहेब मोटारीत बसले. मोटार तिथल्या तिथे जप्त करता आली असती. पण मी म्हटले, राहू दे. चोरीच्या मालात खुद्द पोलीस खात्याचा साहेब बसलेला असताना आणखी पहारा कशाला हवा? मोटार चढावर थांबली. आगपेटी मागच्या चाकाला लागली. मोटार पुढे गेली आणि पेटी जशीच्या तशी राहिली. साहेबांनी परवान्यावर जागीच सही केली. परवानेवाला ड्रायव्हर आपल्या खेपेला निघून गेला. मग मी दोघांना कचेरीच्या पायरीवर बसवले.

"सायेब, किल्ली म्या दिली," आबा आधीच बोलले. "जावयाची चूक न्हाई."

"न्हाई, मीच मागितली," जावई म्हणाला. तो सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे भाड्याने उतारू नेणाऱ्या गाडीवर, क्लीनर होता. परवाना मिळाला तर मालक त्याला ड्रायव्हर करणार होता. "आमच्या गाडीचा हँडब्रेक धरत न्हाई. गेल्या येळी पेटीचा चुरा झाला. साहेब म्हनले, धड गाडी घेऊन ये. डागदराला विचारलं, दुकानदाराला विचारलं, कुनी देईना. धड गाडी आमी आणायची कुटनं?"

आबा म्हणाले, "ताटावर बसलं अन् जेवंनात. म्हनलं, धोंड्याचा म्हैना हाय, मागा काय ते. मला वाटलं, आंगठी मागत्याल. तर मोटार मागितली, येका दिसापुरती. लेकीच्या नवऱ्याला न्हाई कसं म्हनू?"

दोघांना घेऊन त्याच मोटारीतून परत आलो. मावशींना म्हटले, "चोर सापडला. कोरा फेटा बांधलाय त्यानं."

त्यांनी कपाळावर हात मारला. "त्येन्ला धरू नगा, सायेब! मुनीम दारात बघून माझी बोबडी वळली. चोर मीच मनानं काढला. धरायचं तर मला धरा."

एका गुन्ह्याला तीन आरोपी, आणि तिघेही कबुलीजबाबाला उतावीळ. असा तपास कुणाच्या वाट्याला आला असेल?

संध्याकाळी शेठ लोणावळ्याच्या स्टेशनवर उतरले. जावयाला मोटारीसह मी तिथेच आणले होते. मुनीमांनी त्यांचे कान आधीच भरले. शेठ माझ्यावर कडाडले, "माझी गाडी, आणि मलाच न विचारता? तुम्ही त्यांना मोकळं कसं सोडलं?"

मी म्हणालो, "विचारलं नाही, हे चुकलंच. पण चोरी म्हणजे लबाडीनं नेणं. ज्यानं दिवसाउजेडी, हार घालून, मोटार थेट पोलिसांच्या साहेबापुढं नेली, त्याच्या मनात लबाडी होती, असं मी कोर्टात कोणत्या तोंडानं सांगू?"

शेठ मोटारीकडे वळले. मग म्हणाले, "चालवता तरी येते का त्याला?"

"बसून बघा. तुमचा ड्रायव्हर मुंबईला आहे."

शेठ, मुनीम आणि मी बसलो आणि जावयाने मोटार खंडाळ्याकडे काढली. बंगल्याच्या फाटकापाशी खडा चढ होता. शेठ म्हणाले, "थांब." खाली उतरून त्यांनी खिशातली आगपेटी काढली आणि मागच्या चाकाला लावली. आगपेटीचा किस्सा मी मुनीमांना सांगितला होता, त्यांनी तो शेठना चेष्टेने सांगितला असावा. फाटकात आबा आणि मावशी उभे होते. मी सीटची कड घट्ट धरली, कारण मोटारीत मुनीम होते, मी होतो आणि पावसाने रस्ता निसरडा होता.

मोटार थरथरली आणि सरळ वर गेली. शेठनी आगपेटी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि तिच्यातलीच काडी ओढून सिगारेट पेटवली.

"आबा, पुढच्या वेळी मला विचारायचं. मी काय नाही म्हटलं असतं?"

आबांनी मान खाली घातली. "व्हय जी. म्हनला असता."

शेठ मोठ्याने हसले. मावशी पदराने मोटारीवरचे कुंकू पुसायला धावल्या. शेठ म्हणाले, "राहू दे ते. आणि धोंडे उरले असतील तर आण."

फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल लिहून मी 'क' समरीसाठी, म्हणजे गुन्हा नाही म्हणून प्रकरण मिटवण्यासाठी, मॅजिस्ट्रेटकडे पाठवला आणि ती मंजूर झाली. कोठडी भरणे सोपे असते. किल्ली आपल्याच हातात असते. माणसाने काय केले ते पंचनाम्यात येते, पण का केले ते त्याच्या दारात जाऊन पाहावे लागते. हे मला या प्रकरणाने शिकवले, आणि पुढे हाताखालच्या प्रत्येक जमादाराला मी ते शिकवले.

पुढे कित्येक वर्षे सर्व्हिस मोटार आमच्या ठाण्यावरून जाताना दोनदा हॉर्न वाजवी. नवे शिपाई चिडायचे, विनाकारण हॉर्न वाजवतो म्हणून खटला भरू या म्हणायचे. मी त्यांना म्हणे, भरू नका, तो माझ्यासाठी आहे.